ठेका नसलेली चाल

मित्रांनो, माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर आकडा आहे, तारीख आहे आणि कुणाची तरी घाईघाईत केलेली सही आहे. चौकशी कचेरीतल्या एका लोखंडी कपाटात, फायलींच्या दोन गठ्ठ्यांच्या मधोमध मी पडून असतो. मी एक जुना बँजो युकुलेले. माझं कातडं फाटलं आहे, चारपैकी दोनच तारा उरल्या आहेत आणि एका खुंटीचं डोकं कुठे पडलं ते कुणालाच माहीत नाही. पण आठवण शाबूत आहे. माझी हकिकत ऐकायला तुम्ही थोडा वेळ काढाल का?

तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखं वाद्य पाहिलं नसेल. एक लहानसं गोल लाकडी कडं, त्यावर डफासारखं ताणलेलं पातळ कातडं, त्याला जोडलेली आखूड मान आणि त्यावरून गेलेल्या नायलॉनच्या चार तारा. लांबी जेमतेम हातभर. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं माझं कातडं तीन दिवस भिजवलं, दोन दिवस ताणलं आणि सावलीत सुकवलं. तारा उचलून धरणारी घोडी बसवून त्यानं पहिली तार छेडली, तेव्हा माझा आवाज ऐकून तो हसला. म्हणाला, "याला तंबोऱ्यासारखं गुंजत बसता यायचं नाही. बोलेल आणि लगेच गप्प होईल. पण बोलेल ठणठणीत."

मला विकत घेतलं ते एका पोस्टमननं. त्यानं माझं नाव ठेवलं 'बडबड्या'. दिवसभर पायपीट करून तो घरी आला, की बूट काढायच्या आधी मला मांडीवर घ्यायचा. त्याची एक मजेदार सवय होती. कुठलंही नवं गाणं कानावर पडलं, की ते माझ्यावर वाजवून बघायचं आणि मग एका वहीत निकाल लिहायचा. 'चालेल.' 'चालणार नाही.' 'मधली ओळ चालेल, शेवट नको.' एकदा त्यानं एक संथ विरहगीत वाजवलं. त्यातले लांब लांब सूर माझ्याकडून धरवेनात. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं ते गाणं वाजलं. त्यानं वहीत लिहिलं, 'बडबड्या रुसला.'

त्याची एकुलती एक मुलगी शेजारी बसून हे सगळं बघायची आणि बघता बघता वाजवायलाही शिकली. तिला तो सांगायचा, "बाळ, गाणं आपल्याला आवडतं म्हणून निवडायचं नसतं. आधी वाद्याला विचारायचं, मग ऐकणाऱ्यांकडे बघायचं. आपली आवड शेवटी."

उड्या मारणारी, ठेका धरायला लावणारी गाणी मला शोभत. मी वाजू लागलो की शेजारच्या घरांतून लोक दारात येत. म्हाताऱ्यांचेसुद्धा पाय हलू लागत. "एवढ्याशा जिवात केवढा दम!" असं कौतुक मी कितीदा ऐकलं असेल. ते माझे सुखाचे दिवस.

पोस्टमन गेला. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी आली, तिच्या सामानातून मीही आलो आणि कपाटाच्या माथ्यावर चढलो. तिथे मी अकरा वर्षं काढली. धुळीत, रिकाम्या खोक्यांच्या सोबतीनं. मला कुणी टाकून दिलं नव्हतं. फक्त कुणाला माझी आठवण होत नव्हती.

ती आता एका पिशव्यांच्या कारखान्यात काम करत होती. शिवून आलेल्या पिशव्या मोजून गठ्ठे बांधायचे, हे तिचं काम. तिचा हात आणि नजर दोन्ही एकदम मोजत. जिने चढताना पायऱ्या मोजणार, रांगेत उभी असली तर माणसं मोजणार. सगळे तिला मोजणीताई म्हणत. तिची धाकटी नणंद त्याच कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर शिलाई मशिनवर होती. नणंद मोठी हौशी आणि जिभेची तिखट. कारखान्याला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती, मालक पाहुण्यांना घेऊन येणार होते आणि नणंदेनं तीस बायकांचा नाच बसवायला घेतला होता.

"वहिनी, तुमच्या बाबांचं ते वाद्य आहे ना अजून? उतरवा खाली. लाउडस्पीकरवर काय कुणीही नाचतं. आपला नाच आपल्या वाद्यावर!"

अशा रीतीनं अकरा वर्षांनी माझ्यावरची धूळ पुसली गेली. मोजणीताईनं नव्या तारा चढवल्या. माझं कातडं जुनं झालं होतं, पण अजून ताठ होतं. तिनं मला कारखान्यात नेलं आणि तिसऱ्या मजल्यावर, जिथे सगळ्या बायका डबे खात, त्या मोठ्या खोलीतल्या मधल्या खांबावर एका खिळ्याला टांगून ठेवलं. दुपारच्या सुट्टीत सराव करायला ते सोयीचं होतं.

आणि मित्रांनो, त्या खांबावरच मला पहिल्यांदा भीती वाटली.

खालच्या मजल्यावर मशिनं चालू असली की माझं कातडं थरथरायचं आणि तारा हलकेच गुणगुणायच्या. त्यात नवल नव्हतं. पण एका दुपारी सुट्टीची घंटा झाली, मशिनं बंद पडली आणि तरीही मी गुणगुणतच राहिलो. कुणी माझ्याजवळून चालत गेलं, की मला कापरं भरे. ते थांबायचं, पुन्हा कुणी चाललं की पुन्हा सुरू व्हायचं.

"अगं बाई, हे आपलं आपणच वाजतंय!" बायका हसू लागल्या. कारखान्याचा मुकादम पाणी प्यायला आला होता. तोही हसला. "ताई, तुमच्या वाद्याला भूक लागलेली दिसते. त्यालाही एक डबा आणत जा."

मोजणीताई हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या कोठारात नवी मशिनं आली आणि तिथले कापडाचे गठ्ठे वर आणून या खोलीच्या एका कडेला रचले गेले. छताला टेकतील एवढे. आता माझं गुणगुणणं लांबलं. मोजणीताईनं ते मोजायचं ठरवलं. तिनं एका बाईला हात धुवायच्या जागेपासून माझ्यापर्यंत चालत यायला सांगितलं आणि ती थांबल्यावर मनात आकडे म्हणू लागली. आठापर्यंत मी वाजत होतो. मग तिनं मला पलीकडच्या खांबावर टांगलं. तिथे मी तीनला गप्प झालो. पुन्हा मधल्या खांबावर, पुन्हा आठ. पुढच्या सोमवारी अकरा. त्याच्या पुढच्या सोमवारी चौदा.

खिळ्याच्या खाली एक बारीक भेग होती. ती आता मोजणीताईच्या कमरेच्या उंचीपर्यंत उतरली होती.

ती मुकादमाकडे गेली. मुकादमानं कानाडोळा केला नाही, तेवढं त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. त्यानं एका गवंड्याला बोलावलं. गवंडी म्हातारा होता, कमी बोलणारा. त्यानं भेगेत एक लांब खिळा सरकवला. खिळा बोटभर आत गेला, मग आणखी बोटभर. त्यानं तो बाहेर काढला, पुसला आणि गिलावा कालवायला घेतला. भेग बुजवली, वर खोलीचा निळा रंग मारला. खांब नव्यासारखा दिसू लागला.

"काका, झालं का ठीक?" मोजणीताईनं विचारलं.

"मला भेग बुजवायला बोलावलं, मी बुजवली. ती का पडली ते विचारायला कुणी बोलावलं नाही." तो हत्यारं गोळा करत म्हणाला. मग दाराशी थांबला. "ते नाचाबिचाचं काय चाललंय, ते इथे करू नका, पोरी."

त्या दुपारी मी सतरापर्यंत वाजलो.

मोजणीताई दुसऱ्यांदा मुकादमाकडे गेली. "कार्यक्रम अंगणात घ्या. तीस बायकांनी एकदम पाय आपटले तर काय होईल सांगता येत नाही."

"अंगणात मालाच्या गाड्या लागतात, ताई. मालकांनी वरची खोली सांगितली आहे. त्यांना काय सांगू मी? खांब हलतोय असं एक वाद्य म्हणतंय, म्हणून सांगू?"

"मी म्हणतेय असं सांगा."

"आणि तुम्ही वाजवायला नाही म्हणालात, तर लाउडस्पीकर आहेच. नाच काही थांबायचा नाही." एवढं बोलून तो निघाला. पण जाताना त्याची नजर एकदा त्या निळ्या खांबावर गेली आणि त्यानं ती चटकन काढून घेतली. मी ते पाहिलं.

घरी नणंद कपड्यांच्या घड्या घालत होती. मोजणीताईनं तिला सगळं सांगितलं. नणंदेनं हातातली चादर खाली आपटली.

"दीड महिना घाम गाळलाय मी! आणि आता म्हणता पाय आपटू नका? नाच काय बसल्या बसल्या करायचा?"

"हातांचा करा. हळूहळू."

"वहिनी, स्पष्टच बोलते. तुम्हाला माझं कौतुक बघवत नाही. कोपऱ्यात पिशव्या मोजणारी बाई मध्यभागी बसणार, एवढ्यानं तुमचं पोट भरलं नाही. आता आम्ही नाचायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवणार!"

मोजणीताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती म्हणाली, "पहिलं गाणं माझ्या निवडीचं असेल. एवढं कबूल कर. मग तुला काय करायचं ते कर."

नणंदेनं तोंड फिरवून मान डोलावली.

रविवारी घरात कुणी नव्हतं. मोजणीताईनं वडिलांची वही काढली आणि 'चालेल' असं लिहिलेली सगळी गाणी एकामागून एक वाजवली. वाजवताना ती आपल्याच पायांकडे बघत होती. पहिल्या गाण्याला तिची टाच हलू लागली. तिनं ते सोडून दिलं. दुसऱ्याला अंगठा. तेही सोडलं. तिसरं, चौथं, दहावं. ज्यात ठेका होता, त्यात पाय सापडत होते. आणि ठेका नसलेलं, तरी माझ्यावर शोभणारं असं एकही गाणं नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गुणाची लाज वाटली. ज्यासाठी लोकांनी माझं कौतुक केलं, त्याच गोष्टीनं आता माणसांचा जीव जाऊ शकत होता.

तिला हवी होती अशी चाल, की ऐकणारा कान देईल, पण दोघांची पावलं एका वेळी पडणार नाहीत. उन्हं कलेपर्यंत ती बसून होती. शेवटी तिनं वही मिटली. एकच तार छेडली. तो सूर विझेपर्यंत थांबली, मग दुसरा. कधी दोन सूर जवळजवळ, कधी मध्ये मोठी पोकळी. पुढचा सूर कधी येईल याचा अंदाजच लागत नव्हता. माझ्याकडून लांब सूर धरवत नाहीत, म्हणून तिनं ती शांतताच गाण्यात घेतली. ते ऐकायला विचित्र होतं. आपल्यामागून कुणीतरी येतंय आणि मध्येच उभं राहतंय, असं वाटावं तसं. तिनं पायाकडे पाहिलं. पाय गप्प होते. हीच चाल कार्यक्रम संपेपर्यंत लांबवायची, असं तिनं ठरवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता खोली भरली. मोजणीताईनं सवयीनं माणसं मोजली. तिला आणि मुकादमाला धरून एकशे चौसष्ट. मालक आणि पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर, गठ्ठ्यांकडे पाठ करून. नणंद तीस बायकांची रांग घेऊन त्या मधल्या खांबाजवळ उभी. सगळ्यांची लुगडी एकाच रंगाची.

मोजणीताईनं सुरुवात केली. एक सूर. मग शांतता. मग दोन सूर. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. "हे काय रडगाणं?" कुणीतरी हसलं. मालकांनी घड्याळ पाहिलं. नणंदेचा चेहरा लाल झाला. तिनं मुकादमाला खूण केली आणि मुकादमानं लाउडस्पीकर लावला.

गाणं धडाक्यात सुरू झालं. तीस पाय एकदम उचलले गेले आणि एकदम पडले.

मी मोजणीताईच्या हातात होतो, तरी माझ्या कातड्यातून एक कळ गेली. दुसऱ्या ठोक्याला पुन्हा. तिसऱ्याला छतावरची दिव्याची साखळी हलू लागली. चौथ्या ठोक्याला खांबावरचा निळा गिलावा ताटाएवढा सुटून नणंदेच्या पायाशी फुटला. आतल्या भेगेत हात जाईल एवढी जागा होती आणि तिच्यातून विटेचा चुरा पिठासारखा गळत होता.

नणंद जागच्या जागी थिजली. मग तिनं धावत जाऊन लाउडस्पीकरची वायरच उपटली. खोलीत एकदम शांतता पसरली. त्या शांततेत खांब करकरला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

पळापळ व्हायला एक क्षण पुरला असता. एकशे चौसष्ट माणसं, एक जिना.

"वहिनी, वाजवा," नणंद म्हणाली. "तुमचंच वाजवा." आणि मग आपल्या रांगेकडे वळून, "बायांनो, नाच अंगणात आहे. एकेक जण चला. पाय न आपटता, हळू. कुणी धावायचं नाही."

मोजणीताई जिन्याच्या दाराशी उभी राहिली आणि वाजवू लागली. एक सूर. थांबा. दोन सूर. पुढचा सूर ऐकायला माणसं कान टवकारत होती आणि त्यामुळेच पावलं हळू पडत होती, प्रत्येकाचं वेगळं. मालक पहिल्या दहांत खाली गेले. जिन्याचं लोखंडी दार आपोआप मिटायचं. मुकादम त्याला पाठ लावून उभा राहिला, म्हणजे कुणाचा खोळंबा होऊ नये. मोजणीताईचे ओठ हलत होते. नव्वद. एकशे वीस. एकशे पन्नास. नणंद सगळ्यांत शेवटी आली आणि तिचा दंड धरून म्हणाली, "चला आता."

"तुम्ही व्हा पुढे," मुकादम म्हणाला. "मी दार सोडून आलोच."

त्या दोघी शेवटच्या वळणावर होत्या, तेव्हा वरचा मजला कोसळल्याचा आवाज आला. जिन्यातून धुळीचा लोट खाली आला, मोजणीताई कठड्यावर आपटली आणि माझं कातडं टरकन फाटलं. अंगणात पोचल्यावर तिनं धूळभरल्या डोळ्यांनी पुन्हा माणसं मोजली. दोनदा मोजली. एकशे त्रेसष्ट.

मुकादमाला संध्याकाळी बाहेर काढलं. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मग चौकशी सुरू झाली. मला या कचेरीत आणलं, गळ्यात चिठ्ठी बांधली. मालक म्हणाले, "कुणी मला एका शब्दानं सांगितलं असतं, तर मी एकाही बाईला वर जाऊ दिलं नसतं." चौकशी अधिकाऱ्यांनी मोजणीताईला विचारलं, "तुमच्याकडे लेखी काही आहे?" तिनं नाही म्हणून मान हलवली. ती आयुष्यभर मोजत आली होती, पण लिहून ठेवलं नव्हतं. मी टेबलावर पडून होतो. मला बोलता येत नव्हतं, आणि फाटलेल्या कातड्यानं मी काय बोलणार?

तेव्हा मुकादमाला आत बोलावलं. तो कुबड्यांवर आला. मालकांनी त्याला दुसऱ्या कारखान्यात बसून करायचं काम देऊ केलं होतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं मालकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कुबड्या भिंतीला टेकवून खुर्चीत बसला.

"या बाईनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "दोनदा. पहिल्यांदा मी गवंडी आणला. दुसऱ्यांदा मी जाऊन मालकांना सांगितलं, आणि मालक हसले. मालक हसले म्हणून मीही हसलो."

त्याच मालकांची त्याच मापाची आणखी एक इमारत होती. मुकादमाच्या जबाबानंतर चौकशी अधिकाऱ्यांनी ती रिकामी करून तिला कुलूप लावलं. तिथलं काम बंद पडलं. एक दिवस तिथली एक बाई मोजणीताईला शोधत कचेरीच्या दाराशी आली. रागानं तिचा आवाज चढला होता. "आमची इमारत तर पडली नाही! मग आमची रोजी का गेली?"

जबाबासाठी आलेली मोजणीताई बाकावर जरा सरकली. मग म्हणाली, "पडली नाही ना, बाई? मग बस माझ्याजवळ थोडी." ती बाई बसली नाही. निघून गेली. त्या इमारतीचे खांब कसे आहेत, ते अजून कुणी तपासलेलं नाही. कुलपाची किल्ली मालकांनी परत मागितली आहे.

मित्रांनो, मी आता वाजणार नाही. मला नवं कातडं चढवायचं, असं नणंद म्हणते, पण या कपाटातून मी कधी सुटेन कोण जाणे. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातली, शाळेतली एखादी जुनी वस्तू नेहमीपेक्षा वेगळा आवाज करू लागली, तर तिला लगेच गप्प करू नका. ती का कुरकुरते ते बघा, मोठ्यांना दाखवा आणि जमलं तर कागदावर लिहून ठेवा. आणि कुणी तुम्हाला एखादी धोक्याची गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला आलं, तर हसू नका. त्या माणसाला तिसऱ्यांदा यायला वेळ मिळेलच, असं नाही.